कागदी बर्फातली सुई

"हलू नकोस गं, टोचेल," मावशी म्हणाली.

"हलत नाहीये, श्वास घेतेय. तेवढा तरी घेऊ देशील का?"

"मागाहून घे."

विंगेतल्या निळ्या दिव्याखाली मावशी भिंगरीच्या रुपेरी जाकिटाचा खांदा शिवत होती. तालमीत लोळण घेता घेता शिवण उसवली होती आणि शॉट तर तोंडावर आला होता. भिंगरी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. डोकं जमिनीला टेकवून, पाय वर करून ती अशी काही गरगरायची की बघणाऱ्यालाच चक्कर यावी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आणि मावशीला मावशी म्हणत, कारण ती या थिएटरच्या कपडेपटात इतकी मुरलेली होती की तिचं नाव विचारायचं कुणाला सुचतच नसे.

वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की इथे दरसाल तोच जुना बॅले व्हायचा. एका मुलीला भेट मिळालेला लाकडी शिपाई, त्याच्यावर चाल करून येणारी उंदरांची फौज, आणि मग छतावरून पडणारा कागदी बर्फ. त्या बर्फात नाचणाऱ्या मुलींचे पांढऱ्या जाळीचे झगे मावशीने उमेदीच्या दिवसांपासून शिवले होते. यंदा मात्र तीच गोष्ट हिपहॉपवाल्या पोरांनी घेतली होती, तीही कॅमेऱ्यासाठी. समोरच्या खुर्च्या रिकाम्या, आणि त्यांच्यावरून एका लांब दांड्याला टांगलेला कॅमेरा फिरायचा. उंदरांना टोपीवाली जाकिटं, शिपायाच्या पायात कॅनव्हासचे बूट. "पूर्वीच्या पोरी अंगठ्यावर उभ्या राहायच्या, या डोक्यावर राहतात," मावशी घरी सांगायची. "नीट पायावर उभं राहायला कुणी तयारच नाही." पण सांगताना हसायची. पोरं तिला आवडली होती.

"सगळे आपापल्या जागी," स्पीकरवरून आवाज आला.

मावशीने गाठ मारली, दोरा कापला. भिंगरी गर्रकन वळली, तिच्या गळ्यात पडली, "येते गं मावशे," म्हणाली आणि पळालीसुद्धा.

"मान सांभाळ," मावशी अंधाराला म्हणाली.

मग तिने सवयीने मनगटावरच्या सुयांच्या गादीवरून बोट फिरवलं. काळ्या दोऱ्याची सुई होती. लाल होती. करडी होती. पांढऱ्याची जागा रिकामी होती.



तिने पुन्हा बोट फिरवलं. मग छाती चाचपली, कॉलर चाचपली, खिसे उलटे केले. खाली वाकून तळव्याने जमीन पुसून काढली. धूळ लागली, कागदाचे कपटे लागले, सुई लागली नाही. कात्री चालवताना सुई कुठे ठेवली होती? पोरगी गळ्यात पडली तेव्हा हातात होती का? तेव्हा तिला टोचू नये म्हणून आपण हात बाजूला घेतला, एवढं आठवत होतं. पुढचं काही केल्या आठवेना.

आणि डोळ्यांनी शोधायची सोय नव्हती. हेच तर मावशीचं दुखणं होतं, आणि ते तिने सगळ्यांपासून लपवलं होतं.

उन्हाळ्यापासून तिच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक करडा डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही, आहे ते जपा. नवऱ्याखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो निवृत्त पंप मेकॅनिक, जाड बोटांचा माणूस. रोज सकाळी चहाच्या आधी खिडकीत बसून तो तिच्या सगळ्या सुयांत दोरे ओवून द्यायचा. वारंवार ओवायला लागू नये म्हणून दोरे हातभर लांब ठेवायचा.

"ही काळी, ही लाल, ही पांढरी. नीट बघून ठेव."

"बघता आलं असतं तर तुम्हाला कशाला कामाला लावलं असतं?"

"सांगून टाक की बाईंना. काय खातील का तुला?"

"खाणार नाहीत. खुर्ची देतील बसायला. मग घरी पाठवतील."

या बाई म्हणजे कपडेपटाच्या प्रमुख. मावशीहून लहान, पण करड्या शिस्तीच्या. महिन्यापूर्वी मावशीने काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने बटण लावलं, तेव्हा बाईंनी कोट हातात घेऊन बराच वेळ पाहिला होता. म्हणाल्या एवढंच, "दिवा कमी असेल." आणि आता हे चित्रीकरण झालं की पोरं याच नाचाचा दौरा करणार होती. मावशीने बरोबर यावं असं पोरांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. मावशीने हो म्हटलं होतं. घरात बसून करड्या डागाकडे बघत राहायचं, याचीच तिला भीती वाटायची. हातात कापड असलं की तेवढा वेळ भीती वाटत नसे.

आता हातात कापड नव्हतं आणि भीती चिकार होती.

संगीत सुरू झालं. जुनीच वाद्यांची सुरावट, पण खालून ढोलासारखा नवा ठेका. छतावरच्या जाळीतून बर्फ भुरभुरू लागला. पोरं उड्या मारत, घसरत आत आली. शॉट अखंड घ्यायचा होता, मध्ये थांबणं नाही. दिग्दर्शकाने सकाळपासून हे सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

मावशी विंगेच्या कडेला आली. सुई विंगेत पडली असेल तर ठीक. पण एवढी पोरं इथूनच धावत आत गेली, कुणाच्या बुटाने ती स्टेजवर नेली असेल तर? हा कागदी बर्फ तालमीनंतर झाडून पुन्हा वापरायचे, त्यातून खिळे न् पिना निघालेल्या तिने कितीदा पाहिल्या होत्या. पूर्वीच्या नाचणाऱ्यांचे फक्त पाय जमिनीला लागायचे, तेही बुटात. ही पोरं उघडे तळवे टेकतात, पाठीवर फिरतात. आणि सुई जाकिटातच राहिली असेल तर? भिंगरी त्याच खांद्यावर कोसळायची, त्यावरूनच मानेवर आणि मग डोक्यावर जायची. सगळा भार मानेवर असताना खांद्यात सुई शिरली तर पोरगी दचकणार. अशा वेळी दचकली तर मान मोडायची.

नसेलही, असं तिने मनाला समजावलं. सुई काय, कुठेही घरंगळते. शंभरातून एखादे वेळी असं काही होतं. आणि सांगितलं तर? सुई हरवली म्हटलं की पहिला प्रश्न, शोधली का? दुसरा, दिसली कशी नाही? मग बाईंना ते निळ्या दोऱ्याचं बटण आठवेल. सगळ्याचा उलगडा होईल.

शेजारी दिवेवाला उभा होता. थोराड, शांत माणूस.

"अहो," मावशी कुजबुजली, "हे थांबवता येतं का?"

"आता? दिग्दर्शक जीव घेईल. का, काय झालं?"

"काही नाही."

काही नाही, असं म्हणून गेली खरी, आणि तिची तिलाच लाज वाटली. वायर जळाल्याचा वास येतोय असं सांगावं का? लगेच थांबवतील. पण मग पुन्हा सुरू करतील, आणि सुई जिथल्या तिथेच. खोटं बोलूनही घोडं तिथेच अडणार होतं.

ठेका जड झाला. पोरं मागे सरकली, वर्तुळ झालं. मावशीला समोर फक्त पांढरा झगमगाट दिसत होता, पण संगीत तिला पाठ होतं. या जागी भिंगरी मध्ये यायची. एक फेरी उभ्याने, एक बसून, आणि मग खांदा टेकायचा. उभ्याची फेरी चालू झाली होती; बुटांचा आवाज सांगत होता.

मावशी चालू लागली.

"अहो मावशी, कुठे?" दिवेवाल्याने तिची बाही धरायला हात पुढे केला, तोवर ती उजेडात गेली होती. दिव्यांची धग एकदम तोंडावर आली. केसांवर कागद पडू लागले. काही दिसत नव्हतं, पण बुटांचा आवाज समोर होता. तिने दोन्ही हात पुढे केले आणि ती त्या आवाजाकडे गेली. रुपेरी कापड हाताला लागलं, तसं तिने ते घट्ट धरलं.

"खांदा टेकू नकोस," ती म्हणाली.

संगीत थांबलं. बर्फ मात्र पडत राहिला. तो थांबवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"या कोण आहेत?" रिकाम्या खुर्च्यांतून दिग्दर्शकाचा आवाज आला. तो ओरडला नाही, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली.

"कपडेपटातली मी," मावशी म्हणाली. "माझी सुई हरवली. जाकिटात असेल, नाहीतर खाली बर्फात. हिच्या मानेत गेली असती."

मग भिंगरीने जाकीट काढलं. बाई धावत आल्या, त्यांनी अस्तर उलटं करून शिवण इंच इंच चाचपली. "यात नाही," त्या म्हणाल्या. मग उंदीर, शिपाई, बर्फाच्या मुली, सगळे गुडघ्यांवर बसले आणि कागद बाजूला करत शोधू लागले. दिवेवाल्याने जास्तीचे दिवे लावले. मावशीही बसली, तळवा जमिनीवरून फिरवू लागली. टोचली तर टोचू दे, पण मिळू दे, असं ती मनात म्हणत होती. सगळी पोरं आपल्यापायी जमीन धुंडाळतायत, हे तिला सहन होत नव्हतं.

"मावशे," भिंगरी जवळून हळूच म्हणाली. "थांब. हलू नकोस."

तिने मावशीच्या डाव्या दंडाला हात लावला आणि बाहीतून काहीतरी ओढून काढलं. "मिळाली," ती म्हणाली.

सुई मावशीच्याच बाहीत खोचलेली होती. तिच्यातून उरलेला लांब पांढरा दोरा कोपराखालपर्यंत लोंबत होता. विंगेत काम करणाऱ्या सगळ्यांना काळे कपडे असत, तशी मावशीही काळ्या शर्टात होती. त्या काळ्यावर तो पांढरा दोरा इतक्या दिव्यांत अगदी मागच्या खुर्चीवरूनही दिसला असता.

कुणीतरी हसलं. पण ते हसणं लगेच थांबलं, कारण बाकी कुणी हसलं नाही. पोरगी वाचली म्हणून आधी मावशीला हायसं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ आपण उघडे पडलो हे कळलं.

बाई खाली बसल्या. त्यांनी भिंगरीच्या हातातली सुई घेतली, दोरा बोटाला गुंडाळला.

"घाईत लक्ष गेलं नसेल," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. ही पळवाट त्यांनी मुद्दाम करून दिली होती. मावशीला ते कळलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"घाई नव्हती," मावशी म्हणाली. "मला दिसतच नाही. उन्हाळ्यापासून. समोरचं दिसत नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "बटण बघितलं तेव्हा विचारायला हवं होतं मी."

"मी सांगितलं नसतं."

दिग्दर्शक स्टेजपाशी आला होता. त्याने मावशीकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. "बर्फ झाडून वर चढवा," तो म्हणाला. "पुन्हा घेऊ." परत जाताना तो मावशीला म्हणाला, "बरं केलंत." आणि मग जरा अडखळत, "आता आराम करा तुम्ही." दौऱ्याचं काय, हे मावशीने विचारलं नाही. त्या 'आराम करा'मध्ये सगळं येऊन गेलं होतं.

बाईंनी तिच्या मनगटावरची गादी सोडवली. "माझ्याकडे राहू दे," एवढंच म्हणाल्या. बंद सुटला तसं मनगट एकदम हलकं झालं. दिवेवाल्याने विंगेत खुर्ची आणून ठेवली. मावशी बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

पुन्हा संगीत, पुन्हा बर्फ. पोरं आत गेली. आता सुई नव्हती, खिळा नव्हता. तरी मावशीला स्वस्थता वाटेना. इतके महिने जी भीती जपून ठेवली होती ती आता खरी होऊन पुढ्यात उभी होती, आणि तिच्या जोडीला पोरीच्या मानेची काळजी. वर्तुळ झालं. भिंगरी मध्ये आली.

डॉक्टरांनी मावशीला एक गोष्ट सांगितली होती: मधलं गेलं तरी कडेचं राहील, जे बघायचं त्याच्यापासून तोंड वळवायचं म्हणजे थोडंफार दिसेल. घरी ती तसं करून बघायची. चारचौघांत मात्र कधीच नाही. लोक विचारतील, माणूस समोर असताना भिंतीकडे काय बघता. ती समोरच बघत राहायची, काही दिसत नसलं तरी.

आता तिने स्टेजकडून तोंड फिरवलं आणि विंगेतल्या काळ्या भिंतीकडे केलं.

"घाबरू नका मावशी," दिवेवाला हलक्या आवाजात म्हणाला. "नीट चाललंय सगळं. इकडे बघा तरी."

डोळ्याच्या कोपऱ्यात, कागदांच्या भुरभुरीत, रुपेरी काहीतरी खांद्यावर टेकलं, डोक्यावर चढलं आणि फिरू लागलं.

"बघतेय," मावशी म्हणाली आणि ते थांबेपर्यंत तिने भिंतीकडून तोंड हलवलं नाही.