डाव्या हाताच्या बांगड्या

बेगमबीनं मांडवाखाली चवाळं अंथरलं, पेटी उघडली आणि हिरव्या बांगड्यांची माळ उचलून उजेडात धरली.

"कुठं हाय नवरीची माय? पैले माय, मग नवरी. मला दुपारपर्यंत देवणी गाठायची हाय."

गुणाबाई आत चुलीपाशी बसली होती. तिथं काही काम नव्हतं, तरी बसली होती. डाव्या खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. कोपराच्या वरपासून हात गेला त्याला वर्ष होत आलं, पण लग्नघरात आलेल्या बायका आजच पाहिल्यासारख्या पाहायच्या. या मेल्या नजरांपुढं जाऊन एकच हात पुढं करायचा? नको गं बाई.

बाहेरून उज्वला ओरडली, "माय आल्याबिगर मी हात पुढं करणार न्हाई. लगीन मोडलं तरी चालंल!"

आता पोरीनं असं म्हटल्यावर कोणती आई बसून राहील? गुणाबाई उठली आणि मांडवात येऊन चवाळ्यावर टेकली.

"ये वैनी," नणंद सरजाबाई म्हणाली. या बाईच्या जिभेला कधी हाड नव्हतंच. "पर खरं सांगू? अक्कल तुलाच न्हाई. चांगल्या माणसानं गाडीच्या खिडकीतून हात भाईर काढावा का? माझा भाऊ बोंबलून सांगत असंल, तू कशाला ऐकतीस!"

तिचा भाऊ, म्हणजे गुणाबाईचा नवरा शेषेराव, मांडवाच्या खांबाला तोरण बांधत होता. त्याचा हात थांबला. मग तो बांधलेली गाठच पुन्हा बांधू लागला.

खरं काय ते त्या नवरा-बायकोलाच ठाऊक होतं. एसटी फलाटाला लागली की बसायला जागा मिळत नाही, म्हणून जाणती माणसं आधीच आगाराच्या मागच्या आवारात जाऊन चढतात. शेषेरावानं तिला तसंच चढवलं होतं. मग खाली उभं राहून पिशव्या उंचावत ओरडला होता, "हात काढ भाईर! धर की लवकर!" तिनं हात काढला. शेजारची गाडी मागं येत होती. शेषेराव उडी मारून बाजूला झाला. तिला कुठं उडी मारता येणार होती?

दवाखान्यात लोकांनी विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "वाऱ्याला म्हणून काढला व्हता मी." तो पलंगापाशी उभा होता. त्यानं ते ऐकून घेतलं, आणि आजवर तेच चालू दिलं. हात गेल्याचं दुःख होतंच, पण याचं जास्त होतं. चारचौघांत नको, निदान तिच्यापाशी तरी एकदा बोलला असता!

बेगमबी उजवा हात दाबून दाबून बांगड्या चढवत होती. "लई सुकलीस गं माय." शेवटची बांगडी चढली, आणि जन्माच्या सवयीनं, मान वर न करताच, तिनं तळवा पुढं केला.

"हां, दुसरा दे."

तळव्यावर हात आलाच नाही. बेगमबीनं वर पाहिलं आणि तोंडावर हात मारून घेतला. "या अल्ला! माफ कर माय, सवयीनं बोलून गेले."

"जाऊ दे," गुणाबाई म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले.

डाव्या हाताच्या बांगड्या बेगमबीच्या मांडीवर तशाच होत्या. सवाशिणीच्या नावानं माळेतून काढलेली बांगडी ती परत माळेत ओवत नसे.

"उज्वलाला भर त्या," सरजाबाई म्हणाली.

"न्हाई."

शेषेराव तोरण सोडून आला होता. बायकांच्या मधून वाट काढत तो गुणाबाईशेजारी चवाळ्यावर मांडी घालून बसला आणि हात पुढं केला. "तिच्या वाट्याच्या मला भर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरजाबाईनं तर कपाळावर हात मारला. "दादा! याड लागलं का? बाप्या माणसानं बांगड्या भरायच्या? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू दे."

तो बहिणीशी बोलत होता, पण पाहत होता गुणाबाईकडं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच असं सरळ पाहत होता.

गुणाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग आपल्या बांगड्या भरलेल्या हातानं तिनं त्याचा पुढं केलेला हात हळूच खाली केला.

"उजवा न्हाई," ती म्हणाली. "डावा द्या."