मिशीला लागलेला रोग

देवळीतल्या बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या गोदामाबाहेर गुरुवारी सकाळी नऊलाच चपलांचा ढीग लागला होता. आत दीडेकशे माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. खिडक्यांवर काळी ताडपत्री ठोकलेली, दाराला जाड गोधडी. दारात चेला भूपेंद्र एकेकाला न्याहाळत होता आणि पांढरा सदरा दिसला की परत पाठवत होता.

"पांढरं चालत नाई बाप्पा. पांढऱ्यानं ज्योत बाटते. बदलून या."

मयुरीने तिथेच पहिली खूणगाठ बांधली. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरमध्ये जे मिसळलेलं असतं, ते अतिनील दिव्याखाली लख्ख चमकतं. रोग चमकवून दाखवणाऱ्या महाराजांच्या अंधारात पांढरा सदरा आला, की रोग नसलेली माणसंही गळ्यापासून कमरेपर्यंत पेटली असती.

मयुरी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत दीड वर्षापासून काम करत होती. महाराजांच्या दर्शनाला ती आली नव्हती, आली होती भाचीसाठी. सात वर्षांच्या आचलला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. थंडी वाजली, पाणी कमी पडलं, की तिची हाडं दुखायची, इतकी की रडायचंही त्राण राहत नसे. डॉक्टरांनी रोजची एक कॅप्सूल सुरू केली, तेव्हापासून वर्षभर तिला दवाखान्यात भरती करावं लागलं नव्हतं. मग हे महाराज आले. चौथ्या गुरुवारी त्यांनी कॅप्सूल बंद करायला लावली. आज सातवा गुरुवार, म्हणजे उरलेली औषधं हंड्यात बुडवायचा दिवस. आणि परवापासून आचलचा गुडघा ठणकत होता. वहिनीने, सपनाने, नवऱ्याला न सांगता मयुरीला फोन करून दिवा, तीर्थ सगळं सांगितलं होतं.

ऑटोतून येताना मयुरी भावाला म्हणाली होती, "अश्वजितदादा, घरात भिंतीवर बुद्ध आन् खिशात महाराजाचा अंगारा. आजी असती तं काय म्हणली असती?"

"तुह्या प्रयोगशाळेनं बरी केली काय पोरगी?" अश्वजितने बाहेर बघतच विचारलं. "तुमी सांगता, वर्षानुवर्षं गोळी. तो सांगते, सात गुरुवार. बापानं काय निवडावं?"

तेवढ्यात ऑटो गोदामासमोर थांबला होता.

आता महाराज पाटावर बसले होते. काळा कुर्ता, भरघोस मिशी, समोर तीन भांडी: कच्च्या दुधाची परात, स्वच्छ पाण्याचा तांब्या आणि काचेच्या बरणीत 'तीर्थ'. बाजूला औषधं बुडवायचा हंडा, हातात जांभळा अतिनील दिवा.

"डॉक्टर काय करते? सुई टोचते, रक्त घेते, कागद देते. कागदावर रोग दिसते काय? माह्या दरबारात कागद नाई. इथं रोग स्वतः चालत येते आन् हजेरी लावते."

पहिल्यांदाच आलेले रामाजी पुढे सरकले. सत्तरीचे, गुडघेदुखीने वाकलेले. महाराजांनी त्यांचे हात दुधात बुडवले, निथळवले, मग तीर्थ शिंपडलं. दिवा जवळ आणला आणि रामाजींचे दोन्ही तळवे हिरवट निळ्या उजेडाने पेटून उठले. बायांनी पदर तोंडाला लावले. रामाजी आपल्याच हातांना घाबरून मागे सरकले.

"पाहा. सत्तर वर्सांचा साठा. दुधानं ओढून काढला."

त्यांच्यानंतर सातव्या गुरुवारची एक बाई आली. तिच्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं, वर तेच तीर्थ, तोच दिवा. हात काळेच राहिले. गोदामात जयजयकार झाला.

"आज दूध नाई वापरलं महाराज?" मागून कोणीतरी विचारलं.

"रोगच उरला नाई तं दूध ओढीन कायले?"

उत्तर इतकं चपखल होतं, की विचारणाराच मान डोलवू लागला. मयुरीचं लक्ष मात्र तांब्यावर होतं. दिवा फिरताना तांब्यावर तीर्थाचे थेंब उडाले होते, आणि त्यावर चार बोटं आणि एक अंगठा निळे चमकत होते. भूपेंद्रने दुधाची परात उचलली होती, मग त्याच हाताने तांब्या.

हा अंगठा मयुरीच्या ओळखीचा होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने एक जेल बिघडवलं होतं. जेल म्हणजे पारदर्शक, जेलीसारखी पातळ चकती. तिच्यात नमुना घालून वीज सोडली, की प्रथिनं आपापल्या आकारमानाप्रमाणे पुढे-मागे सरकून ओळीने थांबतात. नुसत्या डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. मग चकती एका रंगात भिजवायची. हा रंग पाण्यात एकटा असला तर जवळजवळ विझलेला असतो, प्रथिनाला चिकटला की अतिनील उजेडात चमकतो. त्या दिवशी मयुरीने हातमोजे न घालता चकती उचलली होती. दिव्याखाली कोपऱ्यात एक ठळक डाग दिसला. नवीन काहीतरी सापडलं म्हणून ती धावत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंकडे गेली. बाईंनी बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे नवीन प्रथिन नाही, मयुरी. हा तुझा अंगठा आहे."

माणसाच्या बोटाला थोडंसं प्रथिन लागलेलंच असतं, पाण्याने धुतलं की या साध्या दिव्यात न दिसण्याइतकं. दुधात तर ते ठासून भरलेलं. म्हणजे तीर्थात असाच रंग होता.

"आचल अश्वजित," भूपेंद्रने नाव पुकारलं.

आचल लंगडत पुढे गेली. पाणी, तीर्थ, दिवा. हात काळे.

"गेला," महाराज म्हणाले. "सिकल मुळासकट गेला. आण बापा, ते जहर बुडव हंड्यात."

अश्वजितने खिशातून डबी काढली, झाकण उघडलं. कॅप्सूल आत खुळखुळल्या. सपनाने मयुरीकडे पाहिलं.

"महाराज, थांबा," मयुरी उठली. "पोरगी बरी झाली म्हणता. मंग तिचे हात एकडाव दुधात बुडवून पाहा. रोग नाई तं दूध काय ओढीन?"

"देवाची परीक्षा घेऊन राह्यली काय व?"

"देवाची नाई. दुधाची."

गर्दीत कुरकुर सुरू झाली. एकजण म्हणाला, "शिकलेल्या पोरींचं असंच राह्यते, खाली बस." भूपेंद्र तिच्या अंगावर आला. पण या गडबडीत आचल परातीजवळच उभी होती. दूध म्हटल्यावर तिने दोन्ही हात दुधात घातले, आणि भूपेंद्र ओरडेल या भीतीने ते पटकन मागच्या भिंतीला पुसले.

मयुरीने बरणी उचलली आणि भिंतीवर तीर्थ उडवलं. रामाजी म्हातारे होते, पण दिव्याच्या सगळ्यांत जवळ तेच बसले होते. महाराजांनी गडबडीत खाली ठेवलेला दिवा त्यांनी उचलून भिंतीकडे धरला.

काळपट भिंतीवर दोन इवलेसे पंजे निळे झळकले.

"आत्या," आचलने विचारलं, "भिंतीले सिकल झालं काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, "या जागेत फार रोगी येऊन गेले, भिंतीनं शोषून घेतलं." त्यांची जीभ अजून चालत होती. पण रामाजींनी दिवा हळूच वळवला, थेट त्यांच्या तोंडावर. महाराज सकाळपासून परातीशेजारी बसून हात बुडवत होते, शिंपडत होते आणि मिशीवर ताव देत होते. मिशीची दोन्ही टोकं निळी पेटली होती. बोटं पेटली होती. काळ्या कुर्त्यावर पोटाशी एक मोठा ओघळ चमकत होता.

"अरे बापरे," रामाजी म्हणाले. "महाराज, तुमाले तं माह्यापेक्षा लय झालं. किती गुरुवार झाले तुमचे?"

मग जे हसू फुटलं, ते कोणाला थोपवता आलं नाही. भूपेंद्रने गोधडी बाजूला सारून बाहेरचा रस्ता धरला. ऊन आत आलं, आणि दुधाची परात नुसती दुधाची परात दिसू लागली.

सगळ्यांना पटलं असं मात्र झालं नाही. सात गुरुवार पूर्ण केलेली ती बाई मयुरीशी न बोलता महाराजांच्या पाया पडून गेली. अश्वजित अजून हंड्यापाशी डबी उघडी धरून उभा होता. मयुरी त्याच्याजवळ गेली.

"दादा, तू सकाळी विचारलं, बापानं काय निवडावं. सिकल हाताच्या कातडीवर नसते रे. रक्तातल्या हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनात असते. आचलच्या रिपोर्टवर ती आडवी पट्टी आठवते? तेही आमच्या प्रयोगशाळेसारखंच प्रथिनांना जेलमध्ये विजेत चालवून पाहतात. फरक येवढाच, आमाले चूक सापडली तं आमी जेल फेकतो, पुन्हा करतो. हा चूक सापडू नये म्हणून खिडक्या बंद करते."

अश्वजितने झाकण लावलं. बराच वेळ तो झाकण फिरवतच राहिला.

"तीन आठवडे गेले ना व मयू," तो म्हणाला. "माह्या हातानं."

"आज दवाखान्यात जाऊ. ते सांगतील कसं सुरू करायचं."

दुपारच्या बसने चौघं वर्ध्याला गेली. आचलला दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं, मग गुडघ्याचा ठणका उतरला. रामाजींनी आणि सपनाने पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली. बरणीतलं तीर्थ तपासलं, तेव्हा त्यात पाणी आणि प्रथिनाला चिकटून चमकणारा प्रयोगशाळेतला एक रंग सापडला. दुसरं काही नाही.

हा रंग खोटा नाही. रोज कित्येक प्रयोगशाळांत तो खरं तेच दाखवतो. खोटा होता तो त्याला तीर्थ म्हणून शिंपडणारा माणूस. म्हणून पुढच्या वेळी अंधाऱ्या खोलीत कोणी तुम्हाला तुमचा रोग चमकताना दाखवला, तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी करा. चमकण्यापूर्वी हाताला काय लावलं ते विचारा. आणि तेच त्याच्या मिशीला लावून बघा.