डावीकडची गळती

एवारिस्तोच्या दुमडत्या टपाच्या गाडीत पाणी शिरायचं ते नेमकं मागे, डाव्या बाजूला. ही गळती शोधण्यात आमच्या बारिओ आबाहो वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाने एकेक रविवार घालवला होता, आणि त्या निमित्ताने माझ्या दुकानातली थंड बियरही रिचवली होती. दारांचं रबर बदलून झालं, टपाच्या शिवणींना मेण लावून झालं. तरी गाडी धुतली, की मागचं पायपुसणं ओलंच.

गाडीला गिऱ्हाइकं यायची. एवारिस्तो मान हलवायचा, "गळकी गाडी कुणाच्या गळ्यात मारणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

माझं दुकान समोरच. मला एवढं दिसत होतं, की हा बाबा गळती शोधायचा, पण सापडणार नाही अशा बेताने. मागच्या सीटपाशी कुणी वाकलं, की याला लगेच कॉफीची आठवण व्हायची.

यंदा कार्निव्हलसाठी त्याची मुलगी यादिरा बोगोताहून आली, ती गिऱ्हाईक ठरवूनच. कार्ताहेनाचा हॉटेलवाला. गाडी कोरडी निघाली, तर कार्निव्हल संपताच बुधवारी घेऊन जाणार.

"पापा, तुम्हाला आता समोरचा माणूस दिसत नाही, गाढवाची गाडी दिसत नाही."

"गाढव दिसतं. आत्ताच बोललं," एवारिस्तो म्हणाला.

मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. "निन्या उबाल्दिना, तुमची नळी द्या. आणि पिठीचा एक खोका."

आमच्याकडे सत्तरीच्या बाईलाही निन्या म्हणजे पोरच म्हणतात. नळी मागायची असली की जरा जास्तच लाडाने. आणि पिठी म्हणजे मक्याची, पांढरीशुभ्र. कार्निव्हलच्या दिवसांत ती रांधायला कमी आणि एकमेकांच्या तोंडाला फासायलाच जास्त खपते.

यादिराने ती सगळ्या रबरांवर भुरभुरवली, टप लावला, आणि मला पाणी सोडायला सांगितलं. पाणी जिथून शिरेल तिथे पिठीवर ओघळ उमटणार. दार उघडून पाहतो तो पिठी जशीच्या तशी कोरडी, आणि पायपुसणं चिंब.

"म्हणजे टपाचा काही दोष नाही," म्हणत तिने मागच्या सीटची पाठ उचलली. टप दुमडून बसतो त्या खळग्यात दोन्ही कोपऱ्यांना पाणी खाली सोडणारी भोकं असतात. उजवं वाहत होतं. डावं काठोकाठ तुंबलेलं.

तिने तार घेतली, तसा एवारिस्तो ओरडला, "हात नको लावूस तिथे!"

"पापा, तुम्हाला ठाऊक होतं?"

तो दारावरचं पाणी पुसायला लागला. "तुझी आई तिच्या शेवटच्या कार्निव्हलला तिथे वर बसली होती. तरुणपणीचा, कार्निव्हलच्या राणीचा लाल कागदी मुकुट घालून. अख्खा खोका माझ्या टाळक्यावर रिकामा केला तिने. दुसऱ्या दिवशी मी गाडी धुतली, आणि सगळी पिठी तिथे जाऊन बसली. वाटलं, राहू दे."

यादिराने तरीही तार घातलीच. शिळ्या भाकरीच्या तुकड्यासारखा करडा, टणक गोळा निघाला, त्यात लाल कागदाची चिंधी. पाणी गटकन खाली गेलं. एवारिस्तोने गोळा रुमालात बांधला.

"तळून खा आता," मी म्हटलं. माझ्याच्याने गप्प राहवत नाही.

तो हसला नाही. "झाली कोरडी. आता विकायला माझी ना नाही."

कार्निव्हलच्या शनिवारी त्याने शेवटची म्हणून गाडी काढली, टप मागे टाकून. यादिरा पुढे बसली होती. माझ्या दुकानासमोर तिने गाडी थांबवायला लावली, एक खोका घेतला, आणि मागे चढून आईच्या, नुबियाच्या जागी बसली. अर्धा खोका बापाच्या डोक्यावर. उरलेला तिने वाकून डाव्या कोपऱ्यात सावकाश ओतला.

एवारिस्तोला आरशात एवढं बरोबर दिसलं. "अगं पोरी, बुजेल ना ते भोक!"

"बुजू दे."

"आणि कार्ताहेनावाल्याला काय सांगू?"

"खरं तेच सांगा. गळते म्हणून."

नुसत्या पिठीने भोक बुजत नाही, तिला पाणी लागतं. बुधवारी सकाळीच यादिरा दारात हजर, "निन्या उबाल्दिना, जरा नळी द्या ना, गाडी धुवायचीये."

ती नळी अजून त्यांच्याकडेच आहे. मी वस्तू विसरणारी बाई नाही, पण मागितलेली नाही.