समोरची खुर्ची

"फुकट खेळायचं आणि वर निकालपण आपणच द्यायचा. बरंय की!"

शिवयोगी आपल्या पानांआडून काशम्मांना म्हणाला. पलीकडच्या टेबलावरचा वाद मिटवून रुद्राणी नेमकी तेव्हाच त्याच्या खुर्चीमागं येऊन पोचली होती. काशम्मांनी डोळे मोठे करून दाखवले, पण उशीर झाला होता. रुद्राणी आपल्या जागी बसली, पालथी ठेवलेली पानं उचलून तिनं हातात पसरली.

"उतारी कुणाची?"

"कवाची वाट बघतोय," शिवयोगी म्हणाला.

सोलापुरातला हा ब्रिजचा क्लब चार टेबलांचा. निकाल द्यायला वेगळा माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून डायरेक्टर रुद्राणी आणि खेळायलाही रुद्राणी. त्याबदल्यात तिला टेबल फी माफ आणि वर्धापनदिनाला शाल-नारळ. पोस्टातून रिटायर झाल्यापासूनच्या शाली कपाटात मावेनात, तेव्हा तिनं एक शिलाई मशीनवर घातली होती आणि एक कुकरखाली.

समोर तिचा भिडू, दिपक. बँकेतला. याला तिनंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ज्वारीचं पीठ बाजूला सारून, पानं धरायला शिकवलेलं. आज पुण्याच्या स्पर्धेसाठी क्लबातली एकच जोडी निवडायची होती, आणि शिवयोगीचा हा शेवटचा डाव पाडला की ती जोडी त्यांची होती.

शिवयोगीच्या भिडू काशम्मा, त्यांची पानं टेबलावर उघडी पडलेली. दोघांचा डाव शिवयोगी एकटा खेळत होता. त्यानं किलवर टाकलं. दिपकनं त्यावर हुकूम मारला आणि हात उचलला. पुढं दोन हात झाले, आणि दिपकच्या बोटांतून किलवरची पंजी खाली आली.

शिवयोगीच्या लक्षात आलं नाही. काशम्मा पिशवीतल्या शेंगापोळ्या चाचपत होत्या. रुद्राणीच्या हातातलं पान मात्र क्षणभर जागच्या जागी थांबलं.

डाव संपला. शिवयोगीला एक हात कमी पडला. दिपकनं मान वर करून रुद्राणीकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याकडं बघून हसला.

भिडूची चूक दिसली तरी गप्प राहायची खेळणाऱ्याला नियमानं मुभा असते. डायरेक्टरला नसते.

रुद्राणी उभी राहिली. निकाल द्यायचा तो उभं राहून, अशी सवय तिनं स्वतःला लावून घेतली होती.

"दिपकच्या हातात किलवर होतं, तरी त्यानं हुकूम मारला. दंडाचे दोन हात तुमचे, शिवयोगी. डाव झाला तुमचा."

"अगं बाई!" काशम्मा म्हणाल्या.

"आमाला तर कळलंबी नव्हतं!" शिवयोगी हसत सुटला. दिपकनं पानं गोळा केली, कडा जुळवल्या, जुळल्या होत्या तरी पुन्हा जुळवल्या.

चहा आला तसा शिवयोगी, तो क्लबाचा सेक्रेटरीही होता, घसा साफ करून उभा राहिला.

"रुद्राणीअक्कांची लई ओढाताण होते. डाव सोडून उठायचं, पुन्हा येऊन बसायचं. तर कमिटीनं ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून अक्कांना मानधन द्यायचं. त्यांनी निवांत फक्त डायरेक्टरकी करावी. खेळायची दगदग नको."

टाळ्या झाल्या. जरा घाईनंच झाल्या.

रुद्राणीनं कप बशीत ठेवला. "मानधन नको मला. फी भरते की सगळ्यांसारखी. माझा खेळ तेवढा राहू द्या."

"अहो, सन्मान आहे हा तुमचा!"

"मग डायरेक्टरकी दुसऱ्या कुणाला द्या. मी नुसती खेळते."

सगळ्यांना एकदम चहा गरम लागायला लागला. नियमाचं पुस्तक त्यांच्यापैकी कुणी उघडलेलंही नव्हतं.

"मी उठले, तर दिपकसमोर कोण बसणार?" तिनं विचारलं.

शिवयोगी पंख्याकडं बघायला लागला. काशम्मांनी शेंगापोळीचा मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला. "खा गं आधी. तीळ भाजून घातलेत."

"पोळी खाते, काशम्मा. पण कोण बसणार?"

मग दिपकनं पानांचा जोड टेबलावर ठेवला.

"कमिटीला मीच सांगितलं, अक्का. मागच्या आठवड्यात."

रुद्राणी त्याच्याकडं बघत राहिली. "मी उठून जाते म्हणून? आता डायरेक्टर नसले म्हणजे उठणार नाही की मी."

"तुम्ही डायरेक्टर नसतात, तर आज गप्प बसला असतात?"

तिनं बशीतला पोळीचा तुकडा उगाच सरळ केला.

"बसला नसतात," दिपक म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "मला दुसरा भिडू द्या, अक्का."