हिल्सबरोचं मध्ययुगीन टेकाड

मी किल्ला बोलतोय. ऑकलंडच्या हिल्सबरोत, एका घराच्या परसात, लिंबाच्या झाडापाशी बसलोय. उंची कमरेएवढी. समोर माती खणणारा डिगर येऊन उभा आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो.

माझा जन्म २०११च्या दिवाळीतला. तेव्हा या घरात गुरुनाथ आणि त्याची लेक जुई राहत. गुरुनाथ सिव्हिल इंजिनिअर. चार विटांवर पोतं टाकून किल्ला करणं त्याला कसं पटावं? त्यानं परसातल्या शेडच्या पायासाठी खणलेली माती चोपून बसवली, आत भराव घातला, पाइपाचं भुयार केलं. पुण्याहून आणलेले मातीचे मावळे, बाहेरची माती देशात नको म्हणून, विमानतळावरच अडवले गेले होते, म्हणून जुईनं लेगोच्या माणसाला पेनानं मिशा काढल्या.

"ही लुक्स सो अँग्री, बाबा."

"मावळा आहे तो. असाच दिसतो."

दिवाळी सरली, पण मला मोडायला काही त्यांना सवड झाली नाही. पुढे ते न्यू लिनला राहायला गेले आणि किकुयू गवतानं मला गिळलं.

गेल्या वर्षी रमण आणि वल्लरीनं हे घर घेतलं. दोघंही पुण्याचे, आयटीतले. म्हटलं, आली आपली माणसं, आता ओळखतील. कसलं काय! रमणनं टेप काढून मापं घेतली. त्याला माझ्या जागी बसायला लाकडी डेक हवा होता.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे माल्कमकाका डोकावले. इंग्लंडहून नुकतेच आलेले निवृत्त मास्तर. त्यांच्या गावाबाहेर म्हणे असंच एक मध्ययुगीन टेकाड आहे. कुणी म्हणतं गढी होती, कुणी म्हणतं पवनचक्कीचा पाया, कुणी म्हणतं ससे पाळायची जागा. वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे गाव मजेत आहे. काका माझ्याकडे बघून गंभीर झाले. "डेफिनेटली मॅन-मेड. व्हेरी ओल्ड."

व्हेरी ओल्ड! मी सात वर्षांचा होतो.

रमण घाबरला. "अगं, माओरी काळातलं काही निघालं तर? परमिशन घेण्यातच हीप्स ऑफ टाइम जाईल." डेक थांबला. आधी माझ्यावर पायपुसणं झटकणारी वल्लरी आता पायातल्या जँडल काढून जवळ येई आणि माओरी लोकांसारखा नमस्कार करत हळूच 'किआ ओरा' म्हणे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. तरी एकदा कुणीतरी 'किल्ला' म्हणावं, असं फार वाटे.

गेल्या रविवारी म्हणालं. गवत उपटताना वल्लरीचा हात भुयारात गेला. आधी पणती निघाली, मागोमाग मिशीवाला. रमणनं तो तिच्या हातातून घेतला.

"अगं, हा मावळा! हा तर दिवाळीचा किल्ला आहे! आम्ही दरवर्षी करायचो!"

मलाही भरून आलं. आठ वर्षांनी मला माझ्या नावानं कुणी हाक मारली होती. त्यानं मावळा धुतला, फोटो काढला, मराठी ग्रुपवर टाकला. ढीगभर बदाम आले.

मग डोळे पुसून त्यानं डिगरवाल्याला फोन लावला. "ऑल गुड, मेट. इट्स नथिंग."

"अरे, पण..." वल्लरी म्हणाली.

"किल्लाच तर आहे गं. यंदा डेकवर रेडीमेड आणून ठेवू."

कोण आहे ते ठाऊक नव्हतं तोवर मला हात लावायची कुणाची छाती नव्हती. घरचाच निघालो, तशी माझी किंमत संपली.

माल्कमकाका अजून कुंपणापाशी उभे आहेत. मी जुना नाही, हे त्यांना काही पटलेलं नाही. काका, डिगर सुरू झाला बघा. इतके दिवस चुकत आलात, आता एकदाच जरा मोठ्यानं चुका.