पोटातली काजळी

मित्रांनो, महाडला चिंचेखाली चाकांविना बसलेली जुनी टॅक्सी म्हणजे मीच. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण कुणी बॉनेटला हात लावला की अजून धस्स होतं.

मी मुंबईत झिजल्यावर महाडच्या हैबती ड्रायव्हरने मला विकत आणलं. तो मला रोज धुवायचा, आरशाला फुलं वाहायचा. पेट्रोलच्या बाबतीत मात्र मुलखाचा चिक्कू! चढ आला तरी खालचा गिअर टाकायचा नाही, मला टॉपमध्येच कण्हत रेटायचा. अशाने पेट्रोल धड जळत नाही आणि इंजिनाच्या पोटात काजळी धरते. मी चढावर खडखडू लागले. चावी काढली तरी धडधडत राहायचे, कारण आतली काजळी निखाऱ्यासारखी तापलेली असायची. उतारू हसायचे, "हैबती, गाडीला भूत लागलंय रे!"

चांगू मिस्त्री हसला नाही. "इंजिनाचं वरचं झाकण, हेड, खोलून पितळी पट्टीनं खरवडाय लागंल. लोखंड लावलं तर पिस्टनला चरे जातील. आता टाळू नको."

"सण जवळ आलाय, उतारू सोडू काय?" हैबती म्हणाला.

त्याची धाकटी बहीण गोदूबाई पहिल्या बाळंतपणाला डोंगरावरच्या कुडपणला माहेरी आली होती; तिथवर गाडीरस्ता नव्हता. "कळा लागल्या की डोलीतनं खाली उतर गो," त्याने तिला सांगितलं होतं, "म्होरं माझी गाडी हाय." त्या शब्दाचं ओझं माझ्यावर होतं आणि माझी छाती तर काजळीने भरत चालली होती.

उतारू नाहीत म्हणून खंडेनवमीच्या सकाळी त्याने मला चांगूकडे आणलं. काय मुहूर्त साधला! पाने, पट्ट्या, जॅक सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं. चांगूची आई प्रयागबाई आडवी आली. "आज हत्याराला हात लावायचा नाय. उद्या शिलंगण झालं की उचला." हैबतीनेही मुकाट मान हलवली. त्याची स्वतःची हत्यारंही देव्हाऱ्यापुढेच होती.

दुपारी निरोप आला. गोदूला कळा लागल्या होत्या, डोली निघाली होती.

हैबतीला मुंबईच्या ड्रायव्हरांची एक युक्ती ठाऊक होती. तिला हत्यार लागत नाही. इंजिन जोरात चालू ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात पाणी सोडायचं, वाफेने काजळी सुटते.

"थेंब थेंब सोड," चांगू कळवळून म्हणाला. "घाई केलीस तर खपली सुटंल आनि झडपेत अडकंल!"

हैबतीला धीर धरवेना. त्याने अख्खा तांब्या ओतला. मी गुदमरले, ठसकले. मागून काळे तुकडे उडाले आणि आवाज एकदम गोड झाला.

"बघ, झाली ना साफ?" हैबती म्हणाला. मित्रांनो, मला तेव्हाच कळलं होतं. आत एक खपली अजून लोंबकळत होती.

डोंगराच्या पायथ्याशी गोदूबाईला डोलीतून माझ्या मागच्या सीटवर निजवलं आणि आम्ही इस्पितळाकडे निघालो. पोलादपूरच्या अलीकडच्या चढावर ती खपली सुटली आणि झडपेखाली बसली. झडप मिटेना. माझा जोर गेला, मी थांबले. हैबती चावी फिरवत राहिला, देवीला हाका मारत राहिला. रस्त्यावर दुसरी गाडी दिसेना. शेवटी मागून लाकडाचा ट्रक आला, तोवर फार उशीर झाला होता. गोदूबाई वाचली. तिचं बाळ रडलंच नाही.

सण सरल्यावर चांगूने मला खोललं. मसुरीच्या डाळीएवढा काळा तुकडा त्याने हैबतीच्या तळहातावर ठेवला. इस्पितळातून सुटलेली गोदूबाई शेजारीच उभी होती. तिने तो बोटाने हलवून पाहिला.

"एवढ्याशापायी रे दादा?"

हैबतीने तुकडा मुठीत मिटला. त्यानंतर त्याने मला कधी चालवलं नाही.

मित्रांनो, गाडी कण्हू लागली की ऐका. काजळी वेळेवर, सवडीने, जाणत्या हाताने काढून घ्या. हत्यारांची पूजा जरूर करा, पण त्यांचं काम सणापर्यंत तुंबवून ठेवू नका. गोदूबाई बाजाराला आली की अजून मला टाळून पलीकडून जाते, आणि मला तिला हाक मारता येत नाही.