कोरियाहून आलेला फोन

क्षितिजने पाठवलेला फोन घरी आला तेव्हा कुमुदिनीबाईंनी तो आधी देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि मग अण्णा नगरातल्या त्यांच्या इमारतीत घरोघर दाखवून आणला. मिरवणारच की. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कोरियन कारखान्यात लागलेल्या मुलाला कंपनीने थेट कोरियाला पाठवलं होतं आणि तिथल्या पहिल्या बोनसमधून त्याने आईला फोन घेतला होता.

कौतुक ओसरायच्या आतच एक गोष्ट ध्यानात आली. फोनवर इंटरनेट नुसतं पळत होतं, पण साधा फोन जातही नव्हता आणि येतही नव्हता. त्यांचे यजमान कृष्णकांतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावाने चिकित्सक. ते दुकानात जाऊन विचारून आले. यांच्या सिमची कंपनी बोलणंसुद्धा फोरजीवरूनच नेते आणि कोरियात विकलेला हा फोन त्या कामाला तिच्याकडे चालत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. डेटा मिळेल, बोलणं होणार नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या, नाहीतर इथला फोन घ्या.

“क्षितिजला यातलं काही बोलू नकोस,” घरी आल्यावर ते म्हणाले. “हौसेनं पाठवलाय पोरानं. साध्या फोनला माझा आहे की.”

सिम बदलायचं काम आज-उद्या करत राहूनच गेलं. क्षितिज दर रविवारी व्हॉट्सॲपवर बोलायचा, त्यामुळे त्याला काही कळायचा प्रश्नच नव्हता. तो आईला नेटचा वेग मोजायला लावायचा. ती चष्मा लावून आकडा वाचून दाखवायची आणि तो तिकडे खूश व्हायचा. इकडे नवराबायको एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायची. मायेपोटी माणसं असला खुळेपणा करतात आणि करताना तो खुळेपणा वाटतही नाही.

कृष्णकांतरावांचा फोन दुरुस्तीला गेलेला असतानाच ते घडलं. दुपारी जेवून ते हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच कोसळले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द फुटेना. कुमुदिनीबाईंनी आपला फोन घेऊन ॲम्ब्युलन्सचा १०८ लावला. वर कोपऱ्यात फाइव्हजी, रेंज भरपूर, आणि कॉल आपोआप बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी जो लागत होता तोच लावला.

क्षितिजने उचलला. बाबा पडलेत, बोलत नाहीत, एवढं त्याने ऐकलं.

“आई, मला काय फोन करतेस? आधी १०८ लाव. मी ठेवतो, तू लाव.”

अरे, ऐक तरी, असं त्या म्हणेपर्यंत त्याने ठेवलासुद्धा. त्यांनी पुन्हा लावला, त्याने कापला. परत लावला, परत कापला. आई भांबावली आहे, आपण तिला बोलण्यात गुंतवू नये, असा त्याचा हिशेब होता. हिशेबात काही चूक नव्हती.

मजल्यावरची दारं दुपारची कुलूपबंद. कुमुदिनीबाई अनवाणी जिना उतरल्या. तळमजल्यावरच्या सरोजाने हाका मारून रस्त्यावरची रिक्षा आत आणली आणि इस्त्रीवाल्याच्या मदतीने कृष्णकांतरावांना खाली आणलं. इस्पितळात डॉक्टर एवढंच म्हणाले की थोडं आधी आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कृष्णकांतराव गेले.

क्षितिज आला, दिवसकार्य झालं. ॲम्ब्युलन्सला उशीर झाला ना, असं त्याने आल्या आल्या विचारलं होतं आणि आईने मान हलवली होती. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे तो १०८ च्या नावाने खडे फोडत होता. तिकडे बिचाऱ्यांना त्या दिवशी या घरातून फोन गेलाच नव्हता. कुमुदिनीबाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. नवरा गेला होता, आता मुलाला तरी हे आयुष्यभर खायला नको, एवढीच त्यांची धडपड होती.

परत जायच्या दिवशी विमानतळाची टॅक्सी पत्ता शोधत कुठेतरी फिरत होती. क्षितिजच्या फोनात कोरियाचंच सिम होतं. त्याने टेबलावरचा आईचा फोन उचलला.

“अरे, खाली जाऊन बघ ना, आली असेल,” त्या घाईने म्हणाल्या आणि फोन घ्यायला पुढे झाल्या.

तोवर त्याने नंबर दाबला होता. कॉल बंद झाला. त्याने पुन्हा दाबला. मग त्याने त्यावरून बाबांच्या, दुरुस्त होऊन आलेल्या फोनचा नंबर लावून पाहिला. तो समोर कपाटावर चालूच होता. वाजला नाही.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. दोघंही हलली नाहीत.

“त्या दिवशी मी कापत होतो,” क्षितिजने विचारलं, “तेव्हा तू आणखी कुठे लावत होतीस?”

फोन घ्यायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

“कुठे लावणार, बाळा? तुलाच लावत होते.”